समुपदेशनाचे शिक्षण : वाट निवडताना

गेल्या वर्षी मार्च महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना संपत आला होता. आमच्या गल्लीतली एक मुलगी वडील आणि आज्जीबरोबर आली. तिघांपैकी कुणीच आजारी नव्हते. मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करायचे म्हणून तिने तीन ठिकाणची माहितीपत्रके आणली होती. ती तिने माझ्या टेबलावर मांडली. वडिलांनी विचारले, "डॉक्टर, यातलं कुठलं केलं की नावाआधी डॉक्टर लावता येतं?" आज्जीचा प्रश्न वेगळा होता. "लोकांची गाऱ्हाणी ऐकायला दोन वर्षं शिकायला कशाला लागतंय?" मुलगी म्हणाली, "काका, मला एवढंच सांगा, या तिन्हींत फरक काय?"

मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. मी त्यांना पंधरा दिवसांनी बोलावले. मधल्या काळात नियम वाचले आणि या क्षेत्रात शिकवणाऱ्या व काम करणाऱ्या ओळखीच्या मंडळींना गाठले. मंडळाने यंदा व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा हाच कळवला, कारण आपल्या समाजातल्या अनेक घरांत आज हा प्रश्न विचारला जातो आहे आणि त्याचे उत्तर बहुधा माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावरून ठरते.

आज्जींचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो आधी घेतो. ऐकून घेणे आणि समुपदेशन यांत फरक काय? याचे उत्तर मला माझ्या एका चुकीतून मिळाले आहे. होमिओपॅथीत रुग्णाची हकिगत सविस्तर घ्यावी लागते. झोप, स्वप्ने, भीती, राग, घरची माणसे, सगळे विचारावे लागते. त्यामुळे मला वाटत असे की मन ऐकण्याची विद्या आपल्याला येते. पुष्कळ वर्षांपूर्वी एक बाई छातीतली धडधड आणि निद्रानाश घेऊन यायच्या. नवऱ्याचे पिणे हे कारण मला ठाऊक होते. दोन वर्षे त्या दर पंधरवड्याला आल्या, मी ऐकले, औषध दिले, 'थोडं सांभाळून घ्या' म्हणालो. मग त्या येईनाशा झाल्या. पुढे कळले की एका समाजसेविकेच्या मदतीने त्या व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या गटात जाऊ लागल्या आणि सावरल्या. माझ्याबद्दल त्या कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांनी ऐकलं खूप, पण शेवटी सांगितलं ते माझ्या सासूबाईंनी सांगितलेलंच."

मी दिला तो सल्ला होता. समुपदेशनात समोरच्या माणसाला स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत मांडता यावी, तिचे धागे दिसावेत आणि निर्णय त्याचा त्याला घेता यावा, यासाठी ठरावीक पद्धतीने साथ दिली जाते. त्यात आपली मते, आपले संस्कार, आपली घाई मध्ये कुठे येते, हे ओळखायला शिकावे लागते. आणि ते एकट्याने शिकता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका माणसाबरोबरच्या सर्व भेटींचे संभाषण शब्दशः छापले. भेटींचे ध्वनिमुद्रण करून ते अभ्यासणे त्यांनी सुरू केले, तेव्हा आपण ऐकतो असे समजणारा माणूस प्रत्यक्षात किती वेळा मध्येच बोलतो, हे उघडे पडले. माझ्या त्या दोन वर्षांतली एक भेट जरी कुणी जाणत्याने ऐकली असती, तरी माझी चूक पहिल्या महिन्यात सापडली असती. जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेले काम हाच या शिक्षणाचा गाभा आहे. अभ्यासक्रम निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी पाहावी, असे मला या लेखात सांगायचे आहे.

आता वडिलांचा प्रश्न. मनाच्या आरोग्याशी संबंधित तीन व्यवसाय आपण एकात मिसळतो. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्यकीय डॉक्टर. मनोविकारांवरची औषधे तो लिहून देतो. दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याला इंग्रजीवरून आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो. मानसिक आजारांच्या चाचण्या, निदान आणि मानसोपचार हे त्याचे क्षेत्र. त्याला १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही त्याची पात्रता सांगितलेली आहे. तिसरा समुपदेशन मानसशास्त्रज्ञ. परीक्षेचे दडपण, नोकरी, विवाह, वियोग, व्यसनमुक्तीनंतरचे जगणे, दीर्घ आजाराशी जुळवून घेणे अशा ठिकाणी त्याचे काम चालते. तो औषध देत नाही. समोरच्याला भास होत असतील किंवा जिवाला धोका दिसत असेल तर ते ओळखून त्याला वेळेवर मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवणे, हे त्याच्या कौशल्यातच मोडते.

एम.ए. केल्यावर नावाआधी डॉक्टर लागत नाही. ते पीएच.डी.नंतर लागते, आणि पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. ती असलेला माणूस उत्तम समुपदेशक असेलच असे नाही. मी वडिलांना म्हणालो, "मलाही तरुणपणी बी.एच.एम.एस. म्हणजे खरा डॉक्टर का, असं लोक विचारायचे. अक्षरांनी रोगी दारापर्यंत येतो. परत येतो तो कामामुळे."

पण अक्षरांकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही, कारण कायदा सध्या बदलतो आहे. समुपदेशन मानसशास्त्रज्ञासाठी आपल्याकडे दीर्घकाळ वेगळी नोंदणीच नव्हती. चार शनिवारांचा वर्ग करून कुणीही पाटी लावू शकत असे, आणि लावली आहेच. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक त्याच्या अनुसूचीत आले. पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. मुलीच्या तीन पत्रकांपैकी एक घरबसल्या पदवीचे होते. ते मी बाजूला ठेवायला सांगितले. वडिलांना तेच सर्वांत आवडले होते, कारण मुलगी घरी राहिली असती.

चिकित्सा मानसशास्त्राकडे जायचे असेल तर अधिक सावध राहावे. तिथली जुनी वाट एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. अशी होती. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले. या विषयातल्या एम.फिल.ला आयोगाने मुदतवाढ दिली, ती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत. पुनर्वास परिषदेने तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून दहा वर्षांपूर्वी शिकलेल्या चुलतबहिणीची माहिती आज उपयोगी पडणार नाही. "आधी समुपदेशनात एम.ए. करते, मग पाहिजे तर क्लिनिकलला जाईन" असे मुले म्हणतात. तसे जाता येईल का, हे प्रवेशापूर्वी परिषदेच्या चालू नियमांत पाहावे. पदवीच्या नावातला एखादा शब्दही तिथे आडवा येऊ शकतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांच्या एम.ए.त पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी तेच असते : व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, विकासाचे मानसशास्त्र, मनोविकारांची ओळख, चाचण्या, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती. वाटा फुटतात त्या दुसऱ्या वर्षी, आणि तीन बाबतींत.

पहिली बाब कार्यक्षेत्राची. शाळा-महाविद्यालय, कुटुंब व विवाह, व्यसनमुक्ती, रुग्णालय, उद्योग यांपैकी कुठे काम करायचे? इथे मुलीने स्वभाव पाहावा. लहान मुलांत रमणाऱ्या व्यक्तीला व्यसनमुक्ती केंद्रातली तीच तीच माघार सोसवेलच असे नाही.

दुसरी बाब उपचारपद्धतीची. रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धती, ॲरन बेक यांची विचार व वर्तन बदलण्याची पद्धती, कुटुंबाला एकत्र बसवून काम करण्याची पद्धती अशा अनेक आहेत. मराठी वाचकाला अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती परिचित आहे, ती कि. मो. फडके यांच्यामुळे. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली आणि मराठीत आणली. काही पत्रकांत 'आम्ही सर्व पद्धती शिकवतो' असे लिहिलेले असते. मी जैन घरात वाढलो, अनेकान्त हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो. एका वस्तूला अनेक बाजू असतात हे खरे, पण एकही बाजू धड न पाहता सगळ्या पाहिल्या असे म्हणणे म्हणजे अनेकान्त नव्हे. दोन वर्षांत एक पद्धती हाताखाली बसेल आणि बाकीच्यांची ओळख होईल, इतके पुरे.

तिसरी बाब प्रबंध की प्रत्यक्ष काम, ही. पुढे नेट, पीएच.डी., अध्यापन असे मनात असेल तर संशोधनावर भर असलेला अभ्यासक्रम बरा. लोकांसमोर बसायचे असेल तर प्रत्यक्ष कामाचे तास मोजावेत. तुलनेसाठी एक आकडा देतो. अमेरिकेतील कॅक्रेप ही मान्यता देणारी संस्था समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ७०० तासांचे क्षेत्रकार्य मागते : १०० सरावाचे आणि ६०० उमेदवारीचे. आपल्याकडे काही ठिकाणी भरपूर काम करून घेतात, तर काही ठिकाणी 'इंटर्नशिप' म्हणजे एखाद्या संस्थेला दोन आठवडे भेट आणि शिक्क्याचे प्रमाणपत्र. पत्रकावर दोन्हींसाठी शब्द तोच असतो.

याला जोडूनच भाषेचा प्रश्न येतो, आणि साहित्यप्रेमी मंडळींपुढे तो मांडणे मला अगत्याचे वाटते. या विषयाची पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. माणसे मात्र इंग्रजीत दुःखी होत नाहीत. माझ्या दवाखान्यात एक विधुर गृहस्थ म्हणाले, "दुपारी घर अंगावर येतं." कुणी म्हणते करमत नाही, कुणी म्हणते जीव कासावीस होतो, कुणी म्हणते त्याचं बोलणं मनाला लागलं. विद्यार्थ्याने वहीत याचे 'लोनलीनेस' किंवा 'अँग्झायटी' केले की त्यातले घर, दुपार, ते बोलणारा माणूस, सगळे गळून जाते आणि पुढे विचारायचे प्रश्नही गळून जातात. 'करमत नाही' यात कंटाळा आहे, आठवण आहे, की औषधोपचार लागेल इतकी उदासी आहे, हे त्याच भाषेत पुढे विचारूनच कळते.

बेळगावात तर माणूस कन्नडमध्ये सुरुवात करतो, पगाराचे आकडे इंग्रजीत सांगतो आणि आईची आठवण मराठीत काढतो. वडोदऱ्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, हैदराबादेत तेलुगू आणि दखनी अशी आपल्या सगळ्यांच्या घरांची स्थिती आहे. पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांत वावरणे ही आपण अडचण मानत आलो, पण या व्यवसायात ती कमाई आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठी-कन्नडसह अनेक भाषांत चालते, ती याच गरजेतून. म्हणून मुलाने ज्या गावात पुढे काम करायचे ठरवले आहे, तिथल्या भाषांत क्षेत्रकार्य करता येईल आणि त्या भाषा समजणारी देखरेख मिळेल, असे ठिकाण शक्यतो निवडावे.

पंधरा दिवसांनी मुलगी आली तेव्हा मी तिला पाच प्रश्न कागदावर लिहून दिले.

१. विद्यापीठाला आणि या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? पदवीवर नेमके काय लिहिले जाईल?
२. दोन वर्षांत मी किती माणसांसमोर, किती तास बसेन?
३. त्या कामावर देखरेख कोण करते, आठवड्यातून किती वेळ, आणि एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी?
४. क्षेत्रकार्य कोणत्या संस्थांत आणि कोणत्या भाषांत?
५. गेल्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी दोघांशी मला बोलता येईल का?

शुल्क, वसतिगृह, प्रवास यांचे प्रश्न पालक विचारतातच, म्हणून ते लिहिले नाहीत. एकच सांगितले, की सहावा प्रश्न स्वतःला विचार. तुझे स्वतःचे एखादे दुःख मिटवण्यासाठी हे शिकते आहेस का? तसे असेल तर लाजण्यासारखे काही नाही. आधी स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे जा, मग शिक.

तिने दोन्ही ठिकाणी फोन केले. मोठ्या इमारतीचे चित्र असलेल्या ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला "ते नंतर कळवू" असे उत्तर मिळाले. दुसरीकडे एका बाईंनी तिला विभागात येऊन दिवसभर बसायला सांगितले. तिने तिथेच प्रवेश घेतला. बसने अर्धा दिवस लागतो, वसतिगृहात पाण्याची ओरड आहे. वडिलांची थोडी नाराजी अजून आहे. दिवाळीत आज्जी गुडघ्यासाठी दवाखान्यात आल्या तेव्हा मी नातीची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "बरं चाललंय म्हणती. काय शिकती ते मला कळत नाही. पण आता मी बोलायला लागले की मध्येच तोडत नाही."