जोडाऱ्याच्या हातातील केसभर अंतर

परळ-लालबागचा उल्लेख झाला, की गिरण्यांचे भोंगे आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आठवतो. याच परिसरातील रेल्वेच्या कारखान्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८७९ मध्ये उभारलेला, आता मध्य रेल्वेकडे असलेला हा कारखाना आजवर चालला तो जोडाऱ्यांच्या हातांवर. जोडारी हा शब्द सरकारी. कामगारांच्या तोंडी तो 'फिटर'च. आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून पुढे १९६१ च्या कायद्यानुसार कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते.

सुटे भाग जोडून बोल्ट आवळणे एवढेच हे काम, असा समज आहे. खरी गोम मापात आहे. चाकांच्या ॲक्सलवर बेअरिंगचे कडे घट्ट बसावे, म्हणून ॲक्सल कड्याच्या भोकापेक्षा मुद्दाम किंचित जाड ठेवतात. मग ते आत शिरणार कसे? कडे तापवून. १५० मिलिमीटर भोकाचे पोलादी कडे ८० अंशांनी तापवले, तर भोक जेमतेम ०.१४ मिलिमीटरने, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीने रुंदावते. तेवढ्या अवधीत ते सरळ रेषेत सरकवून जागेवर बसवायचे. अर्ध्यावर थंड झाले, तर अडकलेच! अशा वेळी हातोडा उचलण्याचा मोह होतो. पण घाव बसला की रूळांच्या वाटेवर, डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. घाईने जास्त तापवले, तर पोलादाचा कठीणपणा उतरतो.

अशी चूक शेडमध्ये सहसा उघड होत नाही. चाक हाताने फिरवले, तर सुरळीत फिरते. काही महिन्यांनी, गाडी वेगात असताना बेअरिंग तापू लागते. रेल्वेच्या भाषेत हा 'हॉट ॲक्सल'. वेळीच लक्षात न आल्यास ॲक्सलचे टोक तुटून डबा रुळावरून घसरू शकतो. स्थानकात गाडी थांबताच कर्मचारी चाकांजवळ वाकून उष्णता तपासतात, ते याच भीतीने.

डब्यांच्या बेअरिंगवर बसणाऱ्या लॉकिंग प्लेटवर कारखान्याची सांकेतिक अक्षरे आणि तारीख ठोकलेली असते. पुढे ते बेअरिंग देशात कुठेही उघडले, तरी काम कोठे आणि केव्हा झाले, हे त्यावरून कळते.