छोट्या डिस्कमधले तंजावूर

तंजावूरच्या मराठी ठेव्याचा हिशोब मांडायचा तर 2003 या वर्षापाशी मला थांबावेसे वाटते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारचे राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि देशभरच्या हस्तलिखितांच्या जतनाकडे नव्याने लक्ष गेले. त्याच सुमारास आठ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारे हँडीकॅम मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागले. हिताचीने असा कॅमेरा 2000 सालीच आणला होता. पुढे सोनी आणि इतर कंपन्या उतरल्या आणि पट्टीच्या कॅसेटऐवजी तळहातावर मावणारी चकती आली. पुढची सात-आठ वर्षे राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली लग्ने, मुंजी, कीर्तने आणि भजने या चकत्यांवर उतरत राहिली. पोथ्यांची काळजी वाहणारे सरस्वती महाल ग्रंथालय हाकेच्या अंतरावर होते. चकत्या मात्र कपाटात, साड्यांच्या घड्यांमध्ये आणि देवघराच्या फडताळात राहिल्या.

त्या चकत्यांचे मोल समजायचे तर इथल्या मराठीची स्थिती लक्षात घ्यायला हवी. एकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर घेतले, त्याला आता साडेतीन शतके होत आली. दरबाराची मराठी कागदावर भरपूर आहे: मोडीतले दप्तर आहे, तंजावूरच्या शहाजीराजांच्या नावावरची नाटके आहेत, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसल्यांचा प्रदीर्घ इतिहास आहे. घरातली मराठी मात्र कागदावर फारशी आलीच नाही. तमिळ शाळेत शिकलेल्या, तमिळ बाजारात वावरलेल्या पिढ्यांनी ती तोंडी टिकवली. स्वयंपाकघरात, नातवंडाला रागावताना, विहिणीशी बोलताना ती जिवंत होती, आणि तिचा हेल, तिची वाक्ये मोडण्याची पद्धत पुण्या-नागपुरापेक्षा वेगळी होती. ती ऐकू येईल अशी साधने मोजकी आहेत. या चकत्या त्यांपैकी एक आहेत, आणि चित्रण करणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नव्हते.

कारण चित्रण सोहळ्याचे होते. लग्नासाठी बाहेरगावाहून आलेले नातलग दुसऱ्या दिवशी राजवाडा पाहायला जात आणि कॅमेरा सोबत असे. रंगवलेल्या खांबांचा मराठा दरबार, नायकांच्या दरबारातला फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजीराजांचा हात जोडलेला संगमरवरी पुतळा, मुलांना सर्वांत जास्त आवडणारा देवमाशाचा सांगाडा, हे सगळे पुन्हापुन्हा टिपलेले सापडते. ही दृश्ये आज कुठेही मिळतील. मोलाचे आहे ते चौकटीबाहेरचे बोलणे. कॅमेऱ्यामागची मावशी पुतळ्याविषयी नातवाला काय सांगते, आजोबा तिला मध्येच कसे दुरुस्त करतात, ते फक्त तिथेच आहे. म्हणून या चित्रणांत चित्रापेक्षा आवाज आधी वाचवावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्या चकतीत 1.4 जीबी मावत. उत्तम दर्जा निवडला तर वीस मिनिटे, मध्यम दर्जावर अर्धा तास, सर्वांत हलक्या दर्जावर तासभर. चकत्या महाग वाटत, मुहूर्त लांबत, म्हणून बहुतेकांनी तासभराचा पर्याय घेतला. आज मोठ्या पडद्यावर होमाच्या धुरात चौकोनी ठिपके दिसतात, त्यामागे हीच काटकसर आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो तासभर मिळाला म्हणून तर पंगतीतल्या गप्पा मिळाल्या.

खरा घोटाळा पुढे झाला. चित्रण संपल्यावर चकती कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’ करावी लागे. म्हणजे आत काय आणि कुठे आहे याची यादी कॅमेरा चकतीवर कायमची लिहून टाकी, आणि मगच ती दुसऱ्या यंत्राला वाचता येई. लग्नाच्या गडबडीत हे राहून गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दिसते आहे ना, मग झाले, असे सर्वांनाच वाटले. काही वर्षांनी कोणी ती चकती संगणकात घातली तर संगणक सांगतो की ती रिकामी आहे, आणि पुनर्लेखनाची चकती असेल तर फॉरमॅट करू का असेही विचारतो. अशा वेळी ‘हो’ म्हणून कितीतरी चित्रणे गेली असतील. वास्तविक चित्र तिथेच असते. नसते ती फक्त यादी. त्याच कंपनीचा, शक्यतो त्याच मॉडेलचा चालू कॅमेरा मिळाला तर आजही चकती फायनलाइज करता येते. तो मिळाला नाही तर आयसोबस्टरसारखा प्रोग्राम यादीवाचून थेट चकतीवरची माहिती उचलतो. पुष्कळदा सगळे हाती लागते, कधी अर्धे.

2010 नंतर हे कॅमेरे झपाट्याने मागे पडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात बृहदीश्वराच्या सहस्राब्दीनिमित्त मंदिरात हजार नर्तक-नर्तकींनी भरतनाट्यम् सादर केले, तेव्हा गर्दीतल्या हातांमध्ये मेमरी कार्डाचे कॅमेरे आणि मोबाइल आले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे कुंभाभिषेक झाला तेव्हा तर सगळे मोबाइलच होते. मधल्या काळात लॅपटॉपमधून डिस्क घालायची जागाच नाहीशी झाली. फटीतून डिस्क आत ओढून घेणारे जे लॅपटॉप अजून चालू आहेत, त्यांत ही छोटी चकती कधीही घालू नये. ती आत अडकते. बाहेरून जोडायचा, ट्रे पुढे येणारा ड्राइव्ह घ्यावा. ट्रेच्या मधोमध जे लहान वर्तुळ असते ते याच मापाचे.

याच काळात पुष्कळ घरांनी चकत्या गावातल्या दुकानात देऊन ‘कन्व्हर्ट’ करून घेतल्या. मिळाल्या त्या फायली कधी व्हीसीडीच्या मापाच्या, 352 गुणिले 288 बिंदूंच्या. मूळ चित्र 720 गुणिले 576 होते. म्हणजे तीन चतुर्थांश तपशील तिथेच गेला, आवाजही दाबला गेला. आणि ‘आता फायली आहेतच’ म्हणून मूळ चकत्या टाकून दिल्या. मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याची.

कारण या कामात चित्र पुन्हा दाबण्याची गरजच नसते. फायनलाइज झालेल्या चकतीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात व्हीओबी फायली. त्यांच्या आत साधे एमपेग-2 चित्र आणि बहुधा डॉल्बीचा एसी-3 आवाज. काही कॅमेऱ्यांत दुसऱ्या पद्धतीने चित्रण होई. तिथे एकच मोठी व्हीआरओ फाइल मिळते. आधी संपूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे आयएसओ, करून ठेवावी. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्राम वाचता येईल तेवढा भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत वळतो. मग एफएफएमपेगने त्या व्हीओबी जोडून, आतल्या चित्राला आणि आवाजाला हात न लावता, फक्त वेष्टन बदलून एक सलग फाइल बनवता येते. काही मिनिटांचे काम आणि दर्जाचा कणही जात नाही. शंभर चकत्यांच्या प्रतिमांना 140 जीबी लागतात. आज तेवढे खिशातल्या एका ड्राइव्हवर राहते.

संपादनाला बसल्यावर मात्र एमपेग-2 अडवते. त्यात दर बारा-पंधरा चौकटींमागे एकच चौकट पूर्ण असते. बाकीच्या शेजारच्या चौकटींच्या आधाराने उभ्या राहतात. त्यामुळे हवे तिथे नेमके कापता येत नाही. काही एडिटिंग प्रोग्राम एसी-3 ओळखत नाहीत, मग चित्र येते आणि आवाज गप्प. यावर उपाय म्हणजे संपादनापुरती वेगळी प्रत: चित्र प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये, आवाज न दाबलेल्या डब्ल्यूएव्हीमध्ये. फाइल कितीतरी पटींनी फुगते, पण काम झाल्यावर ती पुसता येते. शिवाय हे चित्रण एकाआड एक ओळींनी झालेले असते. कीर्तनकाराच्या हातातल्या चिपळ्या वेगाने हलल्या की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ओळींच्या प्रत्येक संचाची स्वतंत्र चौकट करून सेकंदाला पन्नास चौकटी ठेवल्या तर दाते जातात आणि हाताची लयही टिकते. पंचवीसच ठेवल्या तर चिपळ्या अडखळतात.

तंजावूरच्या घरांत आणखी एक पेच हमखास येतो. घरातले एक माणूस अमेरिकेत. त्याने आणलेला कॅमेरा तिकडच्या एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला जवळजवळ तीस चौकटी आणि 480 ओळी. इथल्या काकांचा पाल पद्धतीचा, पंचवीस चौकटी आणि 576 ओळी. एकाच लग्नाच्या दोन बाजूंनी घेतलेल्या या चकत्या एका टाइमलाइनवर ठेवल्या की एकीचे चित्र झटके देते. संग्रहाच्या प्रती आपापल्या पद्धतीतच ठेवाव्यात आणि रूपांतर फक्त जोडफिल्मसाठी करावे. दोन्ही कॅमेऱ्यांचे आवाज एकमेकांना लावून पाहिले की अनेकदा एकात गर्दीत हरवलेले वाक्य दुसऱ्यात स्वच्छ मिळते.

हे सगळे करताना मला सरस्वती महालची आठवण येत राहते. ताडपत्र कितीही जपले तरी कधीतरी ठिसूळ होते. वेळेवर नक्कल करणारा भेटला तो ग्रंथ राहिला. सरफोजीराजांनी काशीयात्रेत ग्रंथ विकत घेतले तसे नकलूनही आणवले. 1918 मध्ये हा संग्रह सार्वजनिक झाला. पुढे सूचीचे काम झाले, सूक्ष्मपट झाले, आता डिजिटल प्रती होत आहेत. इतक्या पिढ्यांत एक पथ्य पाळले गेले: नक्कल झाली म्हणून मूळ पोथी फेकून दिली नाही. चकत्यांच्या बाबतीत आपण ते पाळले नाही, आणि ताडपत्राला जिथे शतके मिळतात तिथे कावेरीकाठच्या दमट उष्म्यात या चकत्यांमधल्या रंगद्रव्याच्या थराला किती वर्षे मिळतील याचा भरवसा नाही. वीस वर्षे तर उलटलीच.

आता जे काम उरले आहे ते यंत्राचे कमी आणि माणसांचे जास्त आहे. फायलीवर उमटलेली तारीख चित्रणाचीच असेल असे नाही. लग्नपत्रिका शोधून ती पडताळावी लागते. कोण बोलते आहे, कोणत्या गावची सून, कीर्तनात कोणते आख्यान लावले होते, हे सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्यासमोर फाइल लावायची, हवे तिथे थांबवायची आणि ती सांगतील ते त्याच क्षणी लिहून घ्यायचे, असे हे काम चालते. फाइलची नावे देवनागरीत आणि तमिळमध्ये अशी दोन्ही ठेवतो. आजीचे बोलणे समजणारी पण देवनागरी न वाचणारी नातवंडे या घरांत पुष्कळ आहेत, आणि उद्या या फायली शोधायच्या आहेत त्या त्यांनीच.