गौधेरक, घोरपड आणि मरुभूमीतील विषारी सरडा

पारोळा परिसरात कपाशीच्या बांधावर घोरपड दिसली, की ती विषारी असल्याचे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. सापसुरळीबद्दलही तोच समज आहे. चार पायांचा सरपटणारा प्राणी विषारी असू शकतो काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रालाही नवा नाही. चरकाने विषचिकित्सेत चतुष्पाद गौधेरकाचा उल्लेख केला आहे. सुश्रुताने कल्पस्थानात त्याचे पाच प्रकार गणले आहेत. तो आजचा नेमका कोणता प्राणी, हे ओढूनताणून ठरविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

निःसंशय विषारी असा सरडा मात्र अस्तित्वात आहे. पण तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील व लगतच्या मेक्सिकोतील मरुभूमीत. ‘हीला मॉन्स्टर’ हे त्याचे नाव. लांबी सुमारे अर्धा मीटर, खवले मण्यांसारखे, रंग काळा व नारिंगी-गुलाबी. जाड शेपटीत मेद साठवून तो बहुतांश काळ बिळातच काढतो. नाग-घोणसाचे पोकळ विषदंत वरच्या जबड्यात असतात. याच्या विषग्रंथी खालच्या जबड्यात असून दातांना केवळ खोबणी असते. म्हणून तो चावा घट्ट धरून चघळत राहतो व विष सावकाश जखमेत उतरते. तीव्र वेदना, शोथ, छर्दी व रक्तदाब घसरणे ही दंशाची लक्षणे होत. मृत्यू अत्यंत विरळा.

याच विषात १९९२ साली डॉ. जॉन एंग यांना ‘एक्झेंडिन-४’ हे द्रव्य आढळले. आपल्या आतड्यातील ‘जीएलपी-१’ या संप्रेरकासारखेच ते कार्य करते. परंतु ते संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते, हे मात्र बराच काळ टिकते. त्यावरून सिद्ध झालेल्या ‘एक्झेनाटाइड’ला मधुमेहासाठी २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध प्रयोगशाळेत संश्लेषित होते, त्यासाठी सरडा मारावा लागत नाही, हे औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष ध्यानी घ्यावे.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. घोरपडीच्या लाळेतील विषद्रव्यांविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तिच्या दंशाने मूत्रपिंड निकामी झाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले वृत्तही वादग्रस्त ठरले, कारण असा परिणाम घोणसाच्या दंशाने होतो. आमच्या मते खरा धोका याच संभ्रमात आहे. अंधारात ‘सापसुरळी चावली’ म्हणणाऱ्या रुग्णास प्रत्यक्षात मण्यार चावलेली असू शकते. तिच्या दंशाची खूण वा वेदना बहुधा नसतेच. प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यास सर्पदंशच गृहीत धरावा. चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, लेप-काढ्यात वेळ दवडू नये. पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास, हिरड्यांतून रक्त यांची वाट न पाहता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. तेथे काचेच्या स्वच्छ नळीतील रक्त २० मिनिटांत गोठते की नाही, एवढ्या साध्या परीक्षेनेही घोणसाच्या विषाची कल्पना येते.

दुकानदारांसाठी आणखी एक गोष्ट. घोरपडीचे तेल वा मांस यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे; ती पहिल्या अनुसूचीत असल्याने शिक्षा तीन ते सात वर्षे कारावासाची. ‘हत्थाजोडी’ नावाने मुळी म्हणून जी वस्तू खपविली जाते, ती पुष्कळदा नर घोरपडीचे वाळविलेले जननांगच असते. फिरत्या विक्रेत्याकडून ती मुळी समजून घेणाऱ्यासही कायद्याचा ससेमिरा चुकत नाही.