एमआरआयवरून सीटीची प्रतिमा : संगणकावर किती भिस्त ठेवावी?

अहवाल वर्षात काही देणगीदारांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. एमआरआयवरून संगणकच सीटी स्कॅनसारखी प्रतिमा तयार करू शकतो. मग रुग्णास दुसऱ्या तपासणीचा खर्च व क्ष-किरण कशासाठी? प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत. (आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, गणिताचा भाग डॉक्टरांकडून समजून घेतला आहे.)

किरणोपचाराच्या मात्रेचा हिशेब सर्वसाधारणपणे सीटीवरून होतो. संगणकास हे रूपांतर शिकवावयाचे तर एकाच रुग्णाच्या, एकाच स्थितीतील दोन्ही प्रतिमा हव्यात आणि तशा जोड्या दुर्मीळ. २०१७ साली बर्कले येथील संशोधकांच्या ‘सायकलगॅन’ पद्धतीने ही अट दूर केली. तीत एक जाळे प्रतिमा रचते, दुसरे ती खरी की बनावट हे पारखते. शिवाय तयार झालेल्या सीटीवरून उलट काढलेला एमआरआय मूळच्याशी जुळावा लागतो. हा झाला ताळा.

अडचण येते ती या दोघांच्या चढाओढीत. पारखी फार लवकर तरबेज झाला तर रचणाऱ्यास सुधारणेची दिशाच सापडत नाही. कधी रचणाऱ्यास फसवणुकीची एकच युक्ती साधते आणि तो तीच गिरवीत बसतो. यावर उपाय योजले गेले. पारख्यास केवळ ताज्या नव्हे, तर पूर्वी रचलेल्या ५० प्रतिमांच्या साठ्यातीलही दाखवितात. शिकण्याचा वेग पहिल्या १०० फेऱ्यांनंतर हळूहळू शून्यावर आणतात. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी पारख्याच्या प्रत्येक थराच्या तीव्रतेस मर्यादा घालण्याची रीत सुचविली; तिचा पुढे बराच प्रसार झाला.

तथापि शिक्षण स्थिर झाले म्हणजे प्रतिमा खरी ठरली, असे नव्हे. एक चूक दुसरीने झाकली गेली तरी तेरीज जुळते, हे कोणताही हिशेबनीस सांगेल. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करताना हेच जाळे डोळ्यांस न दिसणाऱ्या खुणा लपवून ताळा जुळविते, असे २०१७ मध्येच आढळले. त्याहून गंभीर बाब २०१८ मधील एका अभ्यासाची. शिकविण्याच्या प्रतिमांत रोगी व निरोगी यांचे प्रमाण बिघडले असेल, तर रूपांतरात मेंदूतील गाठ नाहीशी होऊ शकते किंवा नसलेली उमटू शकते.

सबब, निदानासाठी अशी प्रतिमा आमच्या रुग्णालयात वापरली जात नाही. सीटी यंत्राच्या देखभालीसाठी आलेल्या देणग्या त्याच कामी खर्च होतील.