ट्रॅक्टरच्या बॅटरीचा नियम लॅपटॉपला लावू नका. कायम 100 टक्के चार्ज ठेवल्यानेच बॅटरी लवकर जाते

सेनगाव : मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मुलगी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. घरी बसून मोबाईलच्या नेटवर कॉलेजची ऑनलाईन चाचणी देत होती. अर्ध्यात लाईट गेली. लॅपटॉपवर बॅटरी 31 टक्के दाखवत होती, म्हणून ती निवांत होती. पाच मिनिटं झाली नाहीत तर स्क्रीन काळी. परत चालू करायला लाईट नाही. लाईट आली तोवर चाचणीची वेळ संपून गेली. पोरगी रडवेली झाली. सरांनी दुसऱ्या दिवशी परत चाचणी घेतली म्हणून मार्क वाचले, नाहीतर गेलेच होते.

हा लॅपटॉप आम्ही 2022 साली हळदीच्या पैशातून घेतला होता. नवा होता तेव्हा पाच तास चालायचा. अडीच वर्षांत त्याची ही गत. जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो टेबलावर सरळ ठेवला तर एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागला. तो म्हणाला, "दादा, हा कायम चार्जरलाच लावलेला असतो का?" मी म्हणलं, "हो, मीच सांगून ठेवलंय पोरीला. लाईटचा भरवसा नाही, पिन काढूच नको." त्याने मागचं झाकण उघडून दाखवलं. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. नवीन बॅटरीचे 4,200 रुपये झाले.

म्हणजे चूक पोरीची नव्हती, माझी होती. आणि आपल्याकडं बहुतेक घरांत हीच चूक चालू आहे, म्हणून हे लिहितोय.

ट्रॅक्टरची बॅटरी वेगळी, लॅपटॉपची वेगळी

आपल्याला बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची नाहीतर इन्व्हर्टरची माहीत. ती शिसं आणि आम्लाची असते. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर कडक होऊन बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. पेरणी झाल्यावर ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहिला आणि बॅटरीकडं बघितलं नाही, तर पुढच्या हंगामाला धक्का मारायची वेळ येते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. म्हणून आपण शिकलो की बॅटरी कायम भरलेली ठेवायची. शिशाच्या बॅटरीसाठी हे शंभर टक्के बरोबर आहे.

लॅपटॉप आणि मोबाईलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. 1991 साली सोनी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यावर काम करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना 2019 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीचा स्वभाव उलटा आहे. तिला पूर्ण भरून ठेवलेलं मानवत नाही आणि पूर्ण रिकामी ठेवलेलंही मानवत नाही. मधेच ती सुखात राहते.

कारण समजून घ्या. बॅटरीच्या एका बाजूला ग्रॅफाईट असतं, दुसऱ्या बाजूला धातूचं संयुग. चार्ज करताना लिथियमचे कण ग्रॅफाईटच्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. एका सेलचा दाब साधारण 3.7 व्होल्ट धरतात, पूर्ण भरला की तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो. गोणीत हळद कोंबून कोंबून भरली की शिवण ताणते, तसं 4.2 व्होल्टवर सेल आतून ताणलेला असतो. त्या ताणात आतल्या द्रवाची नको ती रासायनिक क्रिया चालू राहते, थर साचतो, काही लिथियम त्या थरात कायमचं अडकतं. थोडा गॅसही तयार होतो. फुगलेली बॅटरी म्हणजे आत साठलेला हाच गॅस.

आता काही जण म्हणतील, चार्जर तर बॅटरी भरली की आपोआप थांबतो, मग नुकसान कसलं? थांबतो, हे खरं आहे. जास्त चार्ज होऊन बॅटरी जळते ही भीती चांगल्या लॅपटॉपला लागू नाही. पण पिन लावून ठेवली की बॅटरी महिनोन् महिने त्या 4.2 व्होल्टच्या ताणातच उभी राहते. नुकसान ओव्हरचार्जिंगने होत नाही, कायम भरलेलं राहण्याने होतं. हा फरक मला दुकानदाराने सांगेपर्यंत माहीत नव्हता.

दुसरा एक जुना सल्ला अजून गावोगाव ऐकू येतो, की बॅटरी पूर्ण शून्यावर नेऊनच चार्जिंगला लावावी. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियमला रोज शून्यावर नेणं तोट्याचंच. 20 टक्क्यांच्या आसपास आली की लावा, 80 ला काढा. अधूनमधून थोडं थोडं चार्ज केल्याने आयुष्य कमी होत नाही. कंपन्या सायकल मोजतात ती एकूण 100 टक्के वापराची. आज 50 टक्के वापरली, परत भरली आणि उद्या 50 वापरली, तरी मिळून एकच सायकल धरतात.

पत्र्याची खोली आणि मे महिना

चार्जिंगपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे उष्णता. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. त्यात लॅपटॉप गादीवर नाहीतर वाकळेवर ठेवलेला, खालची हवेची जाळी बंद, आणि वरून चार्जर लावलेला.

कॅनडातली कॅडेक्स नावाची बॅटरीची यंत्रं बनवणारी कंपनी 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या नावाने माहिती देते. त्यांचे आकडे बघा. लिथियम बॅटरी 40 टक्के चार्ज करून 25 अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर वर्षाने तिची क्षमता साधारण 96 टक्के उरते. तीच 100 टक्के चार्ज करून ठेवली तर 80 टक्के. तापमान 40 अंश असेल तर 40 टक्केवाली 85 वर येते आणि पूर्ण भरलेली थेट 65 वर. म्हणजे न वापरता, नुसती भरून गरम जागेत ठेवली तरी वर्षात तिसरा हिस्सा गेला. आमच्या घरी नेमकं हेच चाललं होतं, फक्त कपाटाऐवजी टेबलावर.

म्हणून दुपारच्या वेळी चार्जिंग टाळा, सकाळी नाहीतर रात्री करा. लॅपटॉप लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत, डिक्कीत ठेवून बाजार करायला जाऊ नका. जाळीतली धूळ वर्षातून एकदा साफ करून घ्या. हळद शिजवायच्या, सोयाबीन काढायच्या दिवसांत घरात किती धूळ असते ते आपल्याला माहीत आहे.

80 वर थांबवायचं सेटिंग लॅपटॉपमध्येच असतं

रोज 80 टक्के झाले का म्हणून कोणी बघत बसणार नाही. बसूही नये. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच सोय दिलेली असते, फक्त ती बंद असते. लेनोवोत 'व्हँटेज' ॲपमध्ये 'कन्झर्वेशन मोड' चालू करा, मॉडेलप्रमाणे तो 60 किंवा 80 च्या आसपास थांबतो. आसूसमध्ये 'मायआसूस' ॲपमध्ये बॅटरीचं पान आहे. एसरमध्ये 'केअर सेंटर' किंवा 'एसर सेन्स' ॲपमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा मिळते. डेलमध्ये 'पॉवर मॅनेजर'मध्ये टक्के आपणच ठरवू शकतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हे सेटिंग ॲपमध्ये नसून बायोसमध्ये, 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' या नावाने असतं. बायोस म्हणलं की घाबरू नका, पण बाकी कशाला हात लावू नका. जमत नसेल तर पोरांना सांगा, नाहीतर दुकानदाराला. पाच मिनिटांचं काम आहे.

सेटिंग एकदा केलं की मग पिन लावून ठेवली तरी चालते. लॅपटॉप लाईटवर चालतो आणि बॅटरी 80 ला निवांत पडून राहते.

जुन्या लॅपटॉपला ही सोय नसेल तर जेवायला बसताना पिन लावा आणि ताट उचललं की काढा. एवढंसुद्धा पुष्कळ आहे. काही जण जुन्या लॅपटॉपची बॅटरीच काढून ठेवतात आणि नुसत्या लाईटवर चालवतात. शहरात ते जमत असेल, आपल्याकडं लाईट गेली की केलेलं काम गेलं. तो नाद नको.

मोबाईललाही हेच लागू आहे. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' बघा, आयफोन 15 पासून पुढं 80 टक्क्यांची मर्यादा आहे.

पण लाईटचं काय?

इथं शहरी सल्ला आणि आपलं जगणं यांचा मेळ बसत नाही. सकाळी गेलेली लाईट संध्याकाळी येते. डीपी जळाली तर आठ-आठ दिवस अंधार. मग 80 टक्क्यांवर थांबून कसं चालेल?

माझं मत असं आहे. एखाद्या दिवशी 100 टक्के करण्याने काही बिघडत नाही. भरली आणि लगेच वापरली तर ताण काही तासांचाच. बिघडतं ते भरून तसंच ठेवण्याने. म्हणून दुरुस्तीसाठी लाईट बंद राहणार असल्याचा मेसेज आला, परीक्षा आहे, ऑनलाईन फॉर्मची शेवटची तारीख आहे, आभाळ भरून आलंय, अशा वेळी आदल्या रात्री मर्यादा काढा, 100 करा. काम झालं की परत 80. पाच तास चालणारा लॅपटॉप 80 टक्क्यांत चार तास चालतो, म्हणजे रोजच्याला एवढं पुरतं. ज्या गावात लाईट फारच जाते तिथं 60 ची मर्यादा ठेवू नका, 80 चीच ठेवा. स्क्रीनचा उजेड कमी केला तरी बराच वेळ वाढतो.

व्होल्टेजचं विचाराल तर लॅपटॉपच्या ॲडाप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. कमी व्होल्टेजचं त्याला फारसं वाटत नाही. धोका लाईट परत येताना बसणाऱ्या झटक्याचा आणि विजेच्या कडकडाटाचा. लाईट गेली की पिन काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. वळवाच्या पावसात तर काढाच.

फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका

माऊसचा चौकोन वर उचललाय, खालचं झाकण फाकलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, यातलं काहीही दिसलं तर चार्जिंग त्याच वेळी बंद करा आणि दुरुस्तीला न्या. टोकदार वस्तूने टोचून गॅस काढायचा प्रयत्न कोणी करू नये, लिथियम बॅटरी पेट घेते. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, चुलीत तर अजिबात नको. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन टाकताना जुनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा दुकानात द्या. नवीन बॅटरीवरचे व्होल्ट आणि वॉट-अवर जुनीशी जुळतात का, ते स्वतः वाचून बघा.

आपली बॅटरी किती उरली हे घरी बघता येतं. विंडोजच्या शोधपट्टीत इंग्रजीत सीएमडी टाईप करून काळी खिडकी उघडा. तिथं पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा एक शब्द असं इंग्रजीत लिहून एंटर दाबा. रिपोर्टची फाईल कुठं ठेवली तो पत्ता तिथंच दिसतो. त्यात 'डिझाईन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची ताकद आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आत्ताची. आमच्या जुन्या बॅटरीची मूळ 41 हजार 40 मिलीवॉट-अवर होती, उरली होती 17 हजार 900. अशी थकलेली बॅटरी टक्केही नीट दाखवत नाही. जोर पडला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि 31 टक्क्यांवरही लॅपटॉप बंद पडतो. पोरीच्या चाचणीत तेच झालं.

पेरणी-काढणीत किंवा कॉलेजच्या सुट्टीत लॅपटॉप महिनाभर लागणार नसेल तर 50 टक्क्यांच्या आसपास ठेवून पूर्ण बंद करा आणि घरातल्या थंड खोलीत ठेवा, पेटीत पत्र्याखाली नको. महिन्या-दीड महिन्याने एकदा बघा. पार शून्यावर जाऊन बरेच दिवस राहिली तर आतलं संरक्षण सर्किट तिला परत चार्जच होऊ देत नाही.

नवी बॅटरी टाकून आम्हाला दहा महिने झाले. 80 ची मर्यादा आहे, परीक्षेच्या दिवसांत तेवढी 100 केली होती. मागच्या आठवड्यात रिपोर्ट काढला तर 39 हजार 600 दाखवतोय. ट्रॅक्टरची बॅटरी मात्र मी अजून पूर्ण भरूनच ठेवतो.