आधी माप, मग फरशी

आपल्या मॉरिशसमधील पुष्कळ मराठी घरांतले कोणी ना कोणी इंग्लंडात स्थायिक झालेले आहे. आमची मावशीही लेकीकडे स्लाऊला राहते. लंडनच्या पश्चिमेस, हीथ्रो विमानतळापासून जवळच हे शहर आहे. 1920 च्या सुमारास तेथे कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली आणि पुढे भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांनी शहर गजबजले. गेल्या वर्षी शाळेच्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो. जवळचा विंडसरचा राजवाडा पाहण्याचा बेत होता. पण पहिले तीन दिवस गेले ते स्वयंपाकघरात गुडघे टेकून.

मावशीची बोटे संधिवाताने आखडली आहेत. थंडीत मोरीशी उभे राहून भांडी घासणे तिला जमेना, म्हणून मावसबहिणीने ओट्याखाली भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर, बसवून घेतले. मागाहून स्वयंपाकघराला नवी फरशी घातली. काम दिसायला फार सुबक झाले. फरशीवाल्याने मात्र यंत्र जागचे हलवले नाही. त्याच्या पुढच्या पायांपर्यंत फरशी आणून तो मोकळा झाला. आत कोण पाहतो, असे त्याला वाटले असावे.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात यंत्राच्या मागे, पाण्याची नळी जोडली जाते तेथे, थेंब थेंब गळू लागले. शेजारच्या कपाटाची खालची फळी फुगली, तेव्हा कोठे ते कळले. सिंकखालची लहान तोटी बंद करून पाणी थांबवले. दुरुस्ती करणारा आला. त्याने यंत्र पुढे ओढून पाहिले, पण ते तसूभरही सरकेना.

वाचकहो, येथे थोडे अंकगणित करावे लागेल. तेथील जुन्या घरांत जमीन पुष्कळदा लाकडी फळ्यांची असते. ती लवली तर फरशी तडकते, म्हणून आधी 6 मिलिमीटरचा पत्रा अंथरतात. हा पत्रा लोखंडाचा नव्हे, सिमेंटचा. त्यावर चिकटवण्याचा मसाला 6 आणि फरशी 10 मिलिमीटर. म्हणजे जमीन 22 मिलिमीटर वर आली. ओट्याची खालची कड जुन्या जमिनीपासून 87 सेंटिमीटरवर होती आणि यंत्राची उंची 85. वर जागा उरली 20 मिलिमीटर आणि समोर पायरी झाली 22 मिलिमीटरची. अवघ्या दोन मिलिमीटरांसाठी यंत्र खड्ड्यात अडकून बसले!

अशा यंत्राचे वरचे झाकण पुष्कळदा काढता येते. मग उंची सुमारे 82 सेंटिमीटर राहते. पण झाकणाचे स्क्रू असतात मागच्या बाजूस. यंत्र बाहेर आल्याशिवाय झाकण निघेना आणि झाकण निघाल्याशिवाय यंत्र बाहेर येईना. ओटा उचलावा, तर त्यात सिंक बसवलेला आणि त्याच्या वर भिंतीला टाइल्स. अखेर यंत्रासमोरच्या फरशीची एक ओळ फोडावी लागली. मावसबहिणीने उरलेल्या चार-पाच फरश्या बागेतल्या खोपटात जपून ठेवल्या होत्या, म्हणून नव्या-जुन्याचे ठिगळ तरी दिसले नाही. मावशी मात्र दारात उभी राहून म्हणत होती, "माझ्या हातांपायी एवढा खर्च कशाला? मी घासली असती भांडी." ते ऐकून सर्वांनाच वाईट वाटले.

यंत्र बाहेर काढून नळीचे वॉशर बदलले आणि या वेळी फरशी थेट मागच्या भिंतीपर्यंत नेली. आता ओट्याखाली जागा राहिली 84.8 सेंटिमीटर. झाकण काढल्यावर यंत्र सहज आत गेले. झाकण नसले की यंत्र वजनाने हलके होते आणि भरलेल्या जाळ्या बाहेर ओढताच पुढे कलंडू शकते. म्हणून ते बाजूच्या कपाटाला स्क्रूने जखडले. पाणसळ लावून पाय सारखे केले. सांडपाण्याची नळी ओट्याच्या कडेपर्यंत वर चढवून मग खाली नेली, म्हणजे सिंकमधले घाण पाणी उलटे यंत्रात शिरत नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, अशी यंत्रे आता आपल्याही घरांत येऊ लागली आहेत. आपल्याकडे ओटा पुष्कळदा काँक्रीटचा असतो. तो तर उचलण्याचा प्रश्नच नाही. म्हणून जुन्या फरशीवर नवी घालण्यापूर्वी वाढणारी जाडी मोजावी. ती वजा करून ओट्याखाली किती जागा उरते ते पाहावे, आणि मगच यंत्र घ्यावे. ओट्याखाली बसवण्याची खास यंत्रे साधारण 82 सेंटिमीटर उंच असतात आणि त्यांचे पाय आट्यांनी वरखाली करता येतात. कोणी म्हणेल, 45 सेंटिमीटर रुंदीचे लहान यंत्र घेऊ. पण ते रुंदीलाच लहान असते. उंची बहुधा तेवढीच. जागा पुरत नसेल तर जुनी फरशी उखडून नवी घालावी. यंत्र आधीच बसवलेले असेल तर फरशीच्या दिवशी ते बाहेर काढावे आणि फरशी भिंतीपर्यंत न्यावी. मागची नळी थोडी सैल ठेवावी, पाणी बंद करण्याची तोटी हाताशी असावी आणि चार फरश्या शिल्लक ठेवाव्यात. गवंडी व प्लंबर दोघांनाही एकाच वेळी बोलावून माप दाखवावे. एकाचे काम संपल्यावर दुसऱ्याला बोलावले की तंटा ठरलेलाच.

भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी 1886 साली घेतले आणि 1893 च्या शिकागो प्रदर्शनात ते लोकांना दाखवले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. म्हणजे यंत्र काही आजचे नाही. त्याला नीट जागा करून देण्याचे शहाणपण तेवढे आपल्याला हवे.

आम्ही निघालो त्या सकाळी यंत्र घरघरत होते. मावशीने पूजेची पितळी भांडी मात्र त्यात घातली नव्हती. त्यांची चकाकी जाते म्हणून ती हातानेच घासते. तेवढी चारच भांडी होती. ती पुसून देवापाशी ठेवीत ती म्हणाली, "एवढी माझ्या हातांना पुरेत."