ध्वनिस्रोतांची श्रवणतुलना : काही पथ्ये

एकच ध्वनिमुद्रण आज अभ्यासकाच्या हाती अनेक रूपांनी येते. मूळ तबकडी, तिच्यावरून उतरविलेली टेप, पुढे निघालेली सीडी आणि संगणकावरील एमपी३ प्रत, ही सारी एकाच घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतात. कळ फिरविली की साधन बदलते, आणि कोणता आवाज अधिक चांगला याचा निर्णय आपण क्षणार्धात देऊन मोकळे होतो. संगीताच्या रसिकाने असा निर्णय दिला तर फारसे बिघडत नाही. परंतु बोलीतील उच्चारांविषयीचे अनुमान ज्याला अशा ऐकण्यावर उभारावयाचे आहे, त्याला हा निर्णय कोणत्या अटींवर विश्वसनीय ठरतो हे पाहणे अगत्याचे आहे. त्या अटींचा थोडक्यात विचार करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिली अट आवाजाच्या पातळीची. सीडीयंत्राचा विद्युत्‌संदेश सामान्यतः २ व्होल्टपर्यंत जातो. तबकडीवरील सुईतून मिळणारा संदेश अवघा काही मिलिव्होल्ट असतो व तो स्वतंत्र मंडलाने वाढवून घ्यावा लागतो. अशा दोन साधनांचा आवाज कानाशी सारख्याच पातळीने पोहोचेल, हे संभवत नाही. येथे श्रवणेंद्रियाचा एक धर्म आडवा येतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, कानाची संवेदनशीलता सर्व कंप्रतांना सारखी नसते, आणि आवाज हळू असता खालच्या कंप्रता विशेष क्षीण भासतात. म्हणून तोच ध्वनी किंचित मोठा केला की तो अधिक भरीव व अधिक स्पष्ट वाटू लागतो. एखाद्या डेसिबलचा फरक ऐकणाऱ्याला ‘मोठेपणा’ म्हणून जाणवतही नाही. तो ‘गुणवत्ता’ म्हणून जाणवतो. यास्तव तुलनेपूर्वी १००० हर्ट्झचा स्थिर स्वर प्रत्येक साधनावर वाजवून लाउडस्पीकरच्या तारांवरील व्होल्टेज मोजावे आणि ते सारखे करून घ्यावे. त्यातील फरक एक टक्क्याच्या आसपास आला, म्हणजे पातळीतील फरक ०.१ डेसिबलच्या जवळ आला असे समजावे. तबकडीसाठी असा स्वर कोरलेली चाचणी-तबकडी लागते. केवळ कानाने पातळी जुळविणे पुरेसे नाही.

दुसरी अट अशी की, तुलना साधनांची आहे की प्रतींची, हे आधी ठरविले पाहिजे. जुन्या मुद्रणाची सीडी काढताना खरखर कमी केलेली असते, स्वरांचा तोल बदललेला असतो, कित्येकदा लहानमोठ्या आवाजांतील अंतरही आवळलेले असते. अशा वेळी तबकडी व सीडी यांत जो भेद ऐकू येतो, तो संपादकाच्या हाताचा असण्याचा संभव मोठा. तबकडीचा तोल तर मुळातच मुद्दाम बदललेला असतो : १९५४ च्या सुमारास रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार कोरताना खालचे स्वर दबलेले व वरचे उचललेले असतात, आणि वाजविताना त्याच्या नेमके उलट करावे लागते. त्यापूर्वीच्या तबकड्यांना हाच उलट संस्कार केला तर तोल चुकतो, आणि दोष माथी बसतो तो तबकडीच्या.

तिसरी बाब थेट आपल्या शास्त्राची. ‘चिंच’ या मराठी शब्दात पहिला च तालव्य आहे, तर दुसरा दंत्य. या दोहोंतील भेद मुख्यतः त्यांच्या घर्षणांशात असतो. श-सदृश घर्षणाचे बळ साधारणतः २५०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटते, स-सदृश घर्षणाचे ४००० हर्ट्झच्या वर. आता १९२५ पूर्वीचे, कर्ण्याने घेतलेले ध्वनिमुद्रण सुमारे २५०० हर्ट्झच्या पुढे फारसे काही टिपीत नसे. टेलिफोनचा जुना पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा. अशा प्रतीत दोन्ही च सारखे ऐकू आले, तर त्यावरून वक्त्याच्या बोलीत हा भेद नव्हता असे म्हणता येणार नाही. तो साधनाने गिळलेला असू शकतो. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाशी निगडित जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे. उलटपक्षी, १२८ किलोबिटच्या एमपी३ प्रतीत बहुधा १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग गाळलेला असतो. रसिकाला ती उणीव वाटली तरी च-भेदाला तिने बाधा येत नाही. तात्पर्य, ‘चांगला’ या शब्दापुढे ‘कशासाठी’ हा प्रश्न उभाच असतो.

वेगाचाही उल्लेख केला पाहिजे. जुन्या तबकड्या सर्वच ७८ फेऱ्यांच्या नसत. ८० फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ वर वाजविली तर आवाजाची पट्टी जवळजवळ पाव स्वराने उतरते, आणि स्वरांची अनुनादस्थानेही त्याच प्रमाणात खाली सरकतात. अशा प्रतीवरून स्वरोच्चारांचे मापन करणे धोक्याचे होय.

हे सर्व साधल्यावरही पूर्वग्रह उरतोच. कोणते साधन वाजत आहे हे ठाऊक असले की कान त्या ज्ञानाच्या मागे जातो. यावरील उपाय मन्सन व गार्डनर यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीत आहे. श्रोत्याला ‘अ’ व ‘ब’ ऐकवावे, नंतर त्यांपैकीच एक नाव न सांगता ऐकवावे, आणि ते कोणते हे त्याने ओळखावे. क्रम नाणे उडवून ठरवावा, व कळ फिरविणारा नजरेआड असावा. सोळा वेळांपैकी बारा किंवा अधिक वेळा उत्तर बरोबर येणे केवळ अंदाजाने शंभरात चारांहूनही कमी वेळा घडते. म्हणून तेवढे यश मिळाल्यास भेद खरोखर ऐकू येतो असे मानण्यास आधार मिळतो. यश न मिळाल्यास मात्र भेद नाहीच, असे सिद्ध होत नाही. त्या श्रोत्याला, त्या उताऱ्यात, त्या यंत्रावर तो आढळला नाही, इतकेच. म्हणून उतारा निवडताना घर्षकांनी भरलेले वाक्य घ्यावे; केवळ दीर्घ स्वरांचे आलाप घेऊ नयेत.

प्रबंधात ध्वनिमुद्रणाचा दाखला देताना वक्ता व स्थळ यांची नोंद आपण आवर्जून करतो. त्याच्याच शेजारी प्रत कोणती, ती कशावरून उतरविली, कोणत्या वेगाने वाजविली व तिचा कंप्रतापट्टा कोठवर जातो, या चार गोष्टी नोंदविण्याचा प्रघात पडावा. पुढील अभ्यासकाने आपले अनुमान तपासू म्हटले, तर त्याला प्रथम याच माहितीची गरज लागणार आहे.